तिसऱ्या मजल्याचा वॉल्व्ह

सोळा मजली इमारतीच्या तळघरात, पंपरूममध्ये, ती अकरा वर्षं कामाला होती. सारखी नजर प्रेशरच्या काट्यावर, म्हणून सगळे तिला काटेबाई म्हणत. नोकरी बहिणीच्या नवऱ्यानं लावून दिलेली. तोच तिथला मॅनेजर.

आगीच्या वेळी पाणी सोळाव्या मजल्यापर्यंत चढायचं, तर खालून पंपाला दणकून जोर लावावा लागतो. तोच जोर खालच्या मजल्यांवर माणसाला आवरत नाही. म्हणून तिथे प्रत्येक नळाला दाब कमी करणारा वॉल्व्ह. दर महिन्याला पाणी सोडून ते तपासायचे, हे तिचं काम. एका महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मीटिंग होती. "बाई, आज नको," म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. पुढे ते राहूनच गेलं. तिनं रजिस्टरात दाबाचा मागचाच आकडा लिहिला: चार किलो.

आठवड्यानं आगीचा सराव झाला. तिसऱ्या मजल्यावर पाण्याची जाड नळी, होज, धरायला म्हातारा वॉचमन हौसेनं पुढे आला. नळ तिनंच उघडला. होज पिसाळल्यासारखी उसळली आणि पितळी तोंड त्याच्या मनगटावर आदळलं. नळावरचा काटा चारऐवजी नऊवर होता.

मॅनेजरनं तिला जिन्यात गाठलं. "चौकशीला अधिकारी येतील. त्यानं होज नीट धरली नाही, एवढंच सांग."

"भाऊजी, वॉल्व्ह अडकलाय. मी तपासलाच नव्हता."

"गप्प बस! तुझ्यापायी मीही गोत्यात येईन."

दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी ती वॉचमनच्या घरी गेली. हात प्लास्टरमध्ये, बायको त्याच्या शर्टाची बटणं लावत होती.

"माझ्याच हातात जोर उरला नाही बघा," तो ओशाळून म्हणाला.

"नाही हो काका. चूक माझी आहे." तिनं सगळं सांगितलं.

बायको म्हणाली, "मग हे तिकडं सांगा. इथं सांगून काय उपयोग?"

तिनं चौकशी अधिकाऱ्याकडे लेखी कबुली दिली. खालच्या मजल्यांचे सगळे वॉल्व्ह खोलून पाहिले, तर आणखी तीन अडकलेले निघाले. ते बदलले. तिची नोकरी गेली, मॅनेजरची बदली झाली. बहीण फोन उचलत नाही.

वॉचमनची मूठ अजून मिटत नाही. ती अधूनमधून भेटायला जाते. तो चार शब्द बोलतो. बायको पाणी आणून देते, पण बसा म्हणत नाही.