निमंत्रण एकीला, पासपोर्ट दुसरीचा

नव्वदीच्या दशकात मी इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या एका पॅकेजिंग कंपनीत नोकरी करत होते आणि संध्याकाळी एमबीएचे क्लासेस. शेवटच्या वर्षी आमच्या वर्गाची चीनला स्टडी ट्रिप निघाली. कारखाने पाहायचे, मॅनेजरांशी बोलायचं, परतल्यावर रिपोर्ट लिहायचा. भारतीय पासपोर्टवाली वर्गात मी एकटीच. नवरा तिथल्याच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, रजिस्ट्रार होता, त्यानं केव्हाच ब्रिटिश पासपोर्ट घेतला होता. माझं मन होत नव्हतं.

पोचलो त्या दिवशी हॉटेलनं नोंदणीसाठी सगळ्यांचे पासपोर्ट ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी ब्रेकफास्टला ते परत आले, माझा सोडून. आमची गाइड नुकतीच कॉलेज संपवलेली मुलगी होती. "उद्या मिळेल," असं माझ्याकडे न बघताच म्हणाली आणि सटकली. त्या दिवशी आम्ही सायकलींचा कारखाना पाहिला म्हणे. माझा हात सारखा पर्समधल्या पासपोर्टच्या रिकाम्या कप्प्यात जात होता.

मी घरी फोन लावला.

"शांत राहा. कुणाशी भांडू नकोस," नवरा म्हणाला.

"मी भांडतेय का? पासपोर्ट त्यांनी ठेवलाय."

"पण कशासाठी?"

"तेच तर कुणी सांगत नाही रे."

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या शहराला जायला बस उभी होती. आमचे प्रोफेसर म्हणाले, "चढा. पासपोर्ट मागाहून येईल."

"पासपोर्ट हातात आल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"तुमच्यासाठी सगळ्या वर्गाचा दिवस घालवायचा का?"

बसच्या खिडक्यांतून सगळे बघत होते. मी तिथेच सूटकेसवर बसले. तेवढ्यात एक स्कॉटिश गृहस्थ खाली उतरले. वर्गात माझं प्रत्येक म्हणणं खोडून काढणारा माणूस. "तुम्ही निघा. मी थांबतो यांच्याबरोबर," ते प्रोफेसरांना म्हणाले. गाइडलाही मागे राहावंच लागलं. बस गेली.

पासपोर्ट पोलिसांकडे आहे, हे गाइडनं आता कुठे कबूल केलं, आणि तिघं त्यांच्या ऑफिसात गेलो. टेबलामागच्या अधिकाऱ्यासमोर माझा पासपोर्ट उघडा पडला होता. तो बोलत होता तसतसा गाइडचा चेहरा उतरत गेला.

"हे म्हणतात, निमंत्रण ज्या बाईंना आहे, त्या या नव्हेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चीनमधून निमंत्रणपत्रं मागवताना कॉलेजनं माझं नाव पुण्याच्या डिग्रीवरून घेतलं होतं, माहेरचं. पासपोर्ट लग्नानंतरचा.

"दोन्ही मीच. लग्नात नाव बदललं."

"आडनाव?" गाइडनं विचारलं.

"आडनाव, आणि पहिलं नावसुद्धा. नवऱ्यानं तांदळात लिहून नवीन ठेवलं."

गाइड भाषांतर करायचं विसरली. "आईवडिलांनी ठेवलेलं नाव? तुम्हाला विचारलं होतं?"

"नाही."

अधिकाऱ्यानं टेबलावर बोट आपटलं. तिनं घाईघाईनं त्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"विचारतात, यातलं खरं कुठलं?"

जुनं म्हणावं तर पासपोर्ट खोटा ठरणार, नवं म्हणावं तर निमंत्रण.

"सरकारदरबारी पासपोर्टातलं," मी म्हटलं. "पण माझी आई अजून जुन्याच नावानं हाक मारते."

गाइड बोलू लागली. माझ्या दोन वाक्यांचं तिनं बरंच काही केलं. अधिकारी उठून आत गेला, दार लागलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. स्कॉटिश गृहस्थांनी खिशातली पेपरमिंटची गोळी पुढे केली, ती मी पर्सच्या रिकाम्या कप्प्यात टाकली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. अधिकाऱ्यानं पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तेवढंच.

टॅक्सीत मी गाइडला विचारलं, "काय सांगितलंस गं त्याला?"

"म्हटलं, आपल्या चीनमध्ये बायका लग्नानंतरही नाव बदलत नाहीत, म्हणून तुम्हाला हे खोटं वाटतंय." ती बाहेर बघत होती. "पोलिसांना उलट बोलले. आज नोकरी गेलीच होती माझी."

मी तिचा हात हातात घेतला.

दुपारी त्या दुसऱ्या शहरातल्या कारखान्याच्या फाटकाशी प्रोफेसर धावत आले. "सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं आणि न थांबता त्यांच्या बाजूनं आत गेले.