उंटिनीचं दूध अन् अकोल्याची वाट

हिवरखेडहून अकोल्याले मी कितीकदा गेली, पन ह्या फागुनात गेली तशी कवाच नाही. सोबत दोन काठेवाडी बाया होत्या, जिवी अन् तिची पोटुशी सून वेजू. वेजूचे डोये हळदीवानी पिवये झाले होते.

हरभरा निंघाला का हे काठेवाडी दरसाल उंटं-मेंढ्या घेऊन येतात, खतासाठी माह्या वावरात मेंढ्या बसवतात. जिवी अन् मी जुन्या मैतरनी. दोघी तरनेपनीच रांडावल्या, दोघींनं उपास काढले, त्याचं रडगानं नाही. तिचा डेरा (मुक्काम) पडला का उंटिनीच्या दुधाची वाटी पयले माह्या घरी येते. ते दूध उकयत नाहीत. उकयलं त उंटिनीचे सड जयतात, असं त्यायचं म्हननं.

जिवी वेजूले एका बुवाकडे नेऊन गयात जडी बांधनार होती. माही ननंद अशीच पोटुशी असताना कावियीनं (काविळीनं) गेली. तिच्याबी गयात जडी होती. मी म्हनलं, "जिवे, जडी मंग बांध. पयले दवाखाना."

सकायची यष्टी धरली. सातपुडा मांगं राह्यला, अकोट गेलं, मंग खारपानपट्टा (खाऱ्या पाण्याचा मुलूख) लागला. नुसती कायी भुई. वेजूले वकारी आली, सारी माह्या लुगड्यावर. बाजूची बाई नाकाले पदर लावून कुरकुरली का असे लोक गाडीत कायले घेता. मी म्हनलं, "माय, भिजलं माहं लुगडं, तू कावून रडून राह्यली?" कंडक्टर हासला, आपली पान्याची बाटली देल्ली. पूर्नेच्या पुलावर जिवीनं हात जोडले. काय मांगतलं ते मी नाही इचारलं.

दवाखान्यात डाक्टरीनबाई तरनी होती. पानी कुठलं पेता, दूध कसं पेता, सारं इचारलं. रगत तपासून म्हने, हे कावीय बहुतेक घान पान्यातून होते, पन अरब मुलखात तेच्याच जातीचा रोग उंटायतबी सापडला. हिले कशानं झाली ते नक्की सांगता येत नाही, म्हनून पानीबी उकया अन् दूधबी. पोटुशीले हे कावीय जीवघेनी असते.

"उंटीन त चांगली धडधाकट हाय," जिवी म्हने.

"तिले बहुतेक काहीच होत नाही, आजी. दिसतबी नाही."

वेजूले ठेवून घेतलं. आमी दोघी निंबाखाली भाकर-ठेचा खात बसून राहो. जिवी मले टोचे, "तुह्या डाक्टरनीनं उंटीन पायली काय कवा?"

"तुही सून पायली ना तिनं."

मंग तिनं भाकर मोडून अर्धी मले देल्ली.

हयूहयू वेजूचे डोये निवयले. पोटातल्या लेकराचे ठोके डाक्टरनीनं जिवीले आयकवले, तवा ते पयल्यांदा रडली.

डेऱ्यावर परत आलो त धार काढाची वेय. जिवीनं धार काढली, अन् उंटिनीची दोरी माह्या हातात देल्ली.

"बाभयीमांगं घेऊन जा इले. दूध चुलीवर ठेवतो. इले दिसू नोको देऊ."

मी नेली. मानेवर हात ठेवून उभी राह्यली. लय फिरली मी, पन कोन्या जनावराची अशी मर्जी राखताना मानूस पायला नव्हता. दुधाचा वास आला तवा तिले म्हनलं, "बाई, तुह्यावर राग नाही कोनाचा. पोट्टी जगली पायजे, एवढंच."

ते आपली रवंथ करत राह्यली.