बार्बाडोसमध्ये वन बाय टू

त्या सकाळी मी कपडे रेडिएटरवर पसरले, कचऱ्याची बिन बाहेर ठेवली, वाटीभर भाजी फोडणीला टाकली आणि गॅसपाशी उभ्यानेच खाल्ली. आमचे हे जाऊन दोन वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात मी एकदाही टेबलाशी बसून जेवले नव्हते, रेस्टॉरंटमध्ये तर नाहीच. इंग्लंडमधल्या आमच्या मेडनहेडच्या लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात बार्बाडोसच्या तळलेल्या माशाचा फोटो होता. मी मूळची रत्नागिरीची. मुलीला फोन केला.

"आई, एकटी जाऊन खाणार काय तू?"

"मासे."

"रेस्टॉरंटमध्ये एकटी बसशील?"

"बघू," म्हटलं आणि तिकीट काढलं.

हीथ्रोहून थेट विमान आहे, साधारण नऊ तास. बेटावर मिनीबसने फिरा. स्वस्त पडते, गाणी मात्र छातीत वाजतात. पहिले दोन दिवस मी खोलीत बसून सुपरमार्केटचा ब्रेड आणि केळी खाल्ली. त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या एका टपरीवजा रेस्टॉरंटमध्ये शिरले. इथलं घरगुती जेवण म्हणजे कूकू, मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेली उकड. सोबत मी अख्खा तळलेला स्नॅपर मागवला, आपल्या तांबोशीचा भाऊ. आणि सवयीने तोंडातून निघालं, "वन पोर्शन, टू प्लेट्स प्लीज." लग्नापासून आम्ही प्रत्येक ठिकाणी वन बाय टूच केलं होतं. सूपसुद्धा.

मासा आला, दोन रिकाम्या प्लेट्स आल्या. दुसरी प्लेट बघून मी पर्स उचलली आणि निघायला उभी राहिले.

"नवरा गाडी लावतोय का, डार्लिंग?" वाढणाऱ्या बाईने विचारलं. माझ्याच वयाची असावी.

"नाही. ते वारले."

तिने दुसरी प्लेट उचलली नाही. "मधला तुकडा कोण घ्यायचं?"

"ते."

"नेहमी?"

"नेहमी."

"मग आज तू घे. आणि बस खाली. मासा गार झाला की लोक मला बोलतात."

मी बसले. मधला तुकडा घेतला. बाकीच्या माशासारखाच लागला. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यात काहीतरी खास असणार. हे त्यांना सांगावंसं वाटलं आणि रडू आलं. तिथला मिरचीचा पिवळा सॉस फार तिखट असतो, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. मासा संपवला.

घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, "समुद्र कसा होता?" निळा होता, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हाय स्ट्रीटवरच्या कॅफेत गेले, एका माणसासाठी टेबल मागितलं आणि बसून जेवले.