समुद्राला लाल फडकं

अकोल्याला आमच्या घरात समुद्र होता. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, आणि बैठकीत पाहुण्यांच्या खाटेच्या जागी.

तो आमच्या ह्यांनी केलेला. हे शाळेत विज्ञान शिकवत. मुंबईहून दुधाच्या कॅनमध्ये खाडीतले पट्टेरी मासे आणि पोवळ्याचे दगड आणले, काचेची टाकी करवून घेतली आणि अख्खी गल्ली जिला शिव्या घालायची त्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात वर खडेमीठ टाकून मासे जगवले! हवा सायकलच्या पंपानं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नव्हती, त्यात ह्यांनी समुद्र शिजवला. मला फार कौतुक होतं. (खोली मला झाडावी लागली नसती, तर आणखी असतं.)

घरमालकीण वेणूबाई रोज खिडकीतून विचारायच्या, "काय मास्तर, आज भरती हाय का ओहोटी?"

"भरती! लुगडं सांभाळा, वेणूबाई!"

पुढे मासे कमी होत होत एकच उरला. त्याचं नाव कप्तान. तो ह्यांच्या बोटांतून दाणा घेई आणि माझ्याकडे पाठ फिरवी. अशातच ह्यांची अमरावतीला बदली झाली. तिथलं घर दोन खोल्यांचं.

"समुद्र आता दीड फुटाचा करायचा," मी जाहीर केलं. "लहान टाकी सामानात चढवली आहे. मोठी वेणूबाईंना देऊ, म्हशीच्या पाण्याला."

"आणि कप्तान?" ह्यांचा आवाज बारीक झाला. "एवढा एकच राहिलाय. हा गेला, तर मी पुन्हा टाकीला हात लावणार नाही."

"कप्तान माझ्यावर सोपवा!" मी म्हणाले. सामान बांधावं तर मीच, असं सगळं माहेर म्हणतं.

माझ्या रुखवतातल्या दोन चिनी मातीच्या बरण्या होत्या, अगदी जुळ्या. एकीत टाकीतल्या पाण्यासकट कप्तान. दुसरीत खाऱ्या पाण्यातल्या कैऱ्या, वेणूबाईंना निरोपाची भेट. घोटाळा नको म्हणून कप्तानाला लाल फडकं बांधलं, कैऱ्यांना पांढरं. आहे की नाही चोख?

सामानाच्या ट्रकबरोबर सासूबाई पुढे गेल्या. जाता जाता ओरडून काही म्हणाल्या. मी "हो, हो!" म्हटलं. (ट्रकच्या आवाजात दुसरं काय म्हणणार?) मग पांढरी बरणी वेणूबाईंच्या ओटीवर ठेवली आणि लाल बरणी ह्यांच्या मांडीवर.

"फडकं सोडायचं नाही. उजेडानं बिचकेल," मी बजावलं.

मोटारीत ह्यांनी फडक्यातून नळी आत सारली आणि पंप मारायला लागले. गुडगुड, गुडगुड! शेजारी एक पागोटेवाले म्हातारे होते.

"काय करून राह्यले, मास्तर?"

"आत समुद्रातला मासा आहे. त्याला हवा देतोय."

"आना इकडं. तुमी थकले." बाबा मुर्तिजापूरपर्यंत पंप मारत राहिले. मग कंडक्टरनं मारला. मग मागच्या बाकावरच्या बायांनी पाळी लावली. "मासा खुशाल हाय ना व माय?" एकीनं विचारलं. मी बरणीला कान लावला आणि म्हणाले, "अगदी शांत आहे!"

शांत असणारच. अमरावतीला फडकं सोडलं, तर आत कैऱ्या!

"अगं, निरोपाची वस्तू कोणी पांढऱ्या फडक्यात देतं का?" सासूबाई म्हणाल्या. "अशुभ असतं. म्हणून मी फडक्यांची अदलाबदल केली. ट्रकवरून ओरडून सांगितलं नाही का? तू हो म्हणालीस!"

 हे तसेच पंप घेऊन परतीच्या मोटारीकडे धावले. मागून मी.

अकोल्याला पोचलो, तर वेणूबाई आमच्या जुन्या टाकीपाशी पाटावर बसलेल्या. लोट्यानं पाणी उचलत होत्या आणि उंचावरून परत टाकीत सोडत होत्या. लोट्यामागून लोटा. आत कप्तान ऐटीत फिरत होता.

"जेवाले बसली," वेणूबाई म्हणाल्या. "कैरी काढाले बरणीत पळी घातली, तं कैरीनं मलेच पाह्यलं! म्या म्हटलं, मास्तराचा जीव हाय हा. टाकीतलं पानी अजून फेकलं नोतं, थ्यातच सोडला. पंप नायी, तं लोटा. तुमी असेच बुडबुडे काढत होते ना?"

इतकी वर्षं खिडकीतून चेष्टा करता करता बाईंनी समुद्र राखायला शिकून घेतलं होतं! ह्यांनी चक्क वाकून नमस्कार केला.

"ठेवू का इथंच?" ह्यांनी हळूच विचारलं. "अमरावतीचं पाणी गोडं आहे."

"ठेवा ना! म्हशीले बादली हाय."

कप्तान तिथंच राहिला. भरती-ओहोटी विचारायला हे अकोल्याला जात राहिले. पाच फुटांचा समुद्र दीड फुटावर आणायला निघालेली मी, तो एका बरणीभर कैऱ्यांवर आणून बसले. कैऱ्या मात्र कुरकुरीत निघाल्या. अमरावतीच्या शेजारणी कृती विचारत, तेव्हा मी व्यवस्थित सांगत असे: कैऱ्या कोवळ्या, मीठ खड्याचं आणि अकोला ते अमरावती सायकलच्या पंपानं हवा.