साडूच्या खांद्यातली गाठ आणि सासूबाईंचा घास

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात आजारपण उपभोगावं ते माझ्या थोरल्या साडूनेच. दिंडोरीला द्राक्षबाग, अंगाने पैलवान, आवाज असा की फोनची गरजच नाही. त्याच्या उजव्या खांद्याच्या हाडात गाठ आहे म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले, माझाही. पण तपासणीत ती साधीच निघाली, कॅन्सरची नाही. डॉक्टरांनी बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून ती खरवडून काढली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरी म्हणजे गंगापूर रोडला, आमच्या सासुरवाडीला! बागेत फवारणी चालू आहे, हे कारण. तिथून माझी जी जळजळ सुरू झाली, ती कोणत्याही गोळीने थांबेना.

माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा पोटावर वीतभर टाके होते. भेटायला कोण आलं? शेजारचे, तेही पाण्याची मोटार बंद करा म्हणून सांगायला. आणि याच्या खांद्यावर मोहरीएवढ्या खुणा, तर दारात शहाळ्यांचा ढीग! येईल त्याला हा टीव्हीवर ऑपरेशनचा व्हिडिओ लावून दाखवी. "ही पांढरी दिसती ना, तीच माझी गाठ. लय चिवट होती," हे सांगताना मुलगी बोर्डात आल्यासारखा अभिमान. पाहुण्यांच्या हातातला चिवडा हातातच राही.

तशात आला धोंड्याचा महिना. आम्हा दोघा जावयांना जेवणाचं बोलावणं. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि साडूचा उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात. मी मुद्दाम चमचा पुढे केला. "धोंड्याला चमचा? छे, देवाला चालायचं नाय," म्हणत त्याने डावा हात उचलला. सासूबाई कळवळल्या. "डाव्या हाताने नका हो जेवू, मी आहे ना," म्हणाल्या आणि चक्क भरवायला लागल्या. मला नुसतं "तुम्हाला काय वाढू?" तेही माझ्याकडे न बघता. अंगाचा तिळपापड झाला माझ्या! आणि हे भरवणं मग रोजचंच झालं.

पुढच्या रविवारी गेलो, तर बाथरूमचं दार सताड उघडं आणि हा आरशासमोर मिशीला कलप लावतोय. उजव्या हाताने! पट्टा खुंटीवर.

"वा साडूभाऊ, सापडलात! आत्ताच्या आत्ता सांगतो आईंना."

त्याने ब्रश खाली ठेवला. तो आवाज एवढा हळू होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. "सांगा. डॉक्टरांनी परवाच पट्टा काढलाय. पण भाऊसाहेब, मी चौथीत असताना आई गेली माझी. तवापासून कुणी भरवलं नव्हतं. अजून चार दिस राहू द्या."

मिशी अर्धी काळी, अर्धी पांढरी, आणि डोळे भरलेले. हसावं तर हसू येईना.

दुपारी त्याच्यासाठी वरणभात कालवता कालवता सासूबाईंनी मला विचारलं, "काय हो, यांचा हात कधी बरा व्हायचा?"

तो खाली मान घालून बसला होता. मी अजूनही जळतच होतो, खोटं कशाला बोलू?

"हाडाचं दुखणं आहे, आई," मी म्हटलं. "वेळ लागणारच."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा घास जरा मोठा केला.