खुनी माळीच हाय

रंगपंचमी, रविवार दुपार. हजर: आई, मी आणि सोफ्यावर आडवा दादा.

आज रश्श्यासाठी खोबरं भाजताना त्या रंगपंचमीसारखाच वास आला आणि ती दुपार आठवली. टीव्हीवर भुताचा सिनेमा होता. "ह्या भुतापेक्षा आपली आत्या भारी हाय की!" दादा म्हणाला. "गप की रं," म्हणत आईच हसत सुटली. मग खुनाचा सिनेमा लावला. तो अर्ध्यावर असताना दादा कागलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला निघाला.

"सुमे, खुनी माळीच हाय. मी आल्याशिवाय पुढं बघायचं न्हाय."

त्याच रात्री कामावरून परतताना अपघातात दादा गेला.

तेव्हा त्याच्या बडबडीचा वैताग यायचा. आता सिनेमा लागतो आणि घरात कुणीच बोलत नाही.

त्याचे कपडे वाटले, बँकेची कामं उरकली. माळीच खुनी होता का, तेवढं बघायचं राहिलंय.