टेकडीवरची हजेरी

माझ्या जुन्या शाळेवरून काल जाणं झालं. शाळा भरलेली होती, पण वर्गात मास्तर नव्हते. दारातल्या मुलीला विचारलं, तर तिनं मागच्या टेकडीकडे बोट केलं. "हजेरी लावाया गेल्यात. हितं रेंज न्हाई."

वर एक तरुण मास्तर मोबाइल उंच धरून फिरत होता. शाळेत आलो हे दाखवायला त्याला रोज वर्ग सोडावा लागत होता.

हसू यायला हवं होतं, आलं नाही. याच वर्गात मी अकरा वर्षं शिकवलं. पेरणीला, लग्नसराईला गावी जायचो आणि परतल्यावर बुडवलेल्या दिवसांच्या सह्या मस्टरवर एकदम करायचो. एका बैठकीतल्या वाटू नयेत म्हणून मध्येच पेन बदलायचो. मी नसायचो त्या दिवशी या पोरांचे आईबाप, तेव्हाचे माझे विद्यार्थी, दाराशी माझी वाट बघून घरी गेलेले असायचे.

मास्तर घामाघूम होऊन खाली आला. मी इथं शिकवायचो असं सांगताच पाया पडायला वाकला.

"तुमच्या वेळी बरं होतं, सर. नुसत्या सहीवर विश्वास ठेवायचे."

मला त्याच्या चपलांना लागलेली टेकडीची लाल माती तेवढी दिसत राहिली.